काँग्रेस अध्यक्षपदाचा अर्ज: दहा सह्या आणि एक खूण

लोकसभेत पक्ष विरोधी बाकांवर असताना, 2022 मध्ये, काँग्रेसने मतदान घेऊन नवा अध्यक्ष निवडला. मल्लिकार्जुन खर्गे यांना 7,897 मतं पडली, शशी थरूर यांना 1,072. तिसरा आकडा फारसा कुणी लक्षात ठेवला नाही: 416 मतं बाद. मतदार सगळे पक्षाचे प्रतिनिधी, आयुष्यभर दुसऱ्यांना मतदान शिकवलेले. म्हणून ही प्रक्रिया नीट समजून घ्या, विशेषतः जिथे माणसं अडकतात तो भाग.

पात्रता एका ओळीची आहे. उमेदवार, सूचक (त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे) आणि मतदार, तिघंही प्रदेश काँग्रेसचे प्रतिनिधी असावे लागतात. नुसतं प्राथमिक सदस्यत्व पुरत नाही. कित्येक निष्ठावंत कार्यकर्ते सदस्यत्वाची पावती जपून ठेवतात आणि ऐन वेळी कळतं की प्रतिनिधींच्या यादीत आपलं नावच नाही. त्यामुळे अध्यक्षपदाची तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नका. ब्लॉकमधून (पक्षाच्या स्थानिक घटकातून) प्रतिनिधी ठरतात तेव्हाच नाव लागलं का ते पाहा. नंतर कुणी काही करू शकत नाही.

अर्जावर किमान दहा प्रतिनिधींच्या सह्या लागतात. ऐकायला हे सोपं वाटतं, पण दहा खरे प्रतिनिधी शोधायला यादी हवी आणि नेमकी तीच सहज मिळत नाही. 2022 मध्ये यादी जाहीर करा अशी मागणी काही खासदारांना उघडपणे करावी लागली. त्यावर उत्तर आलं की ती प्रदेश कार्यालयांत पाहायला मिळेल, आणि इच्छुकांना दिल्लीत पक्षाच्याच निवडणूक प्राधिकरणाकडे. पुढे यादी हाती आली तरी अनेकांचे फोन नंबर त्यात नाहीत, ही थरूर यांची तक्रार होती. ज्याला मतं मागायची आहेत त्याला मतदार कोण हेच धड कळू नये, हे मला पटत नाही. पण नियम बदलेपर्यंत उपाय एकच: स्वतः जाऊन यादी पाहा, नावं उतरवून घ्या आणि मगच सह्यांना निघा.

त्या वर्षी तिघांनी मिळून अर्जांचे 20 संच भरले: खर्गे 14, थरूर 5 आणि झारखंडचे के. एन. त्रिपाठी 1. छाननीत 4 संच सह्यांपायी बाद झाले. त्यांत त्रिपाठींचा एकुलता एक संच होता. एका सूचकाची सही जुळली नाही, दुसऱ्याची दोनदा आली. उमेदवारी तिथेच संपली. तेव्हा एकाच संचावर विसंबू नका. दहाच्या दहा सह्या वेगळ्या माणसांच्या आहेत ना, हे भरण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. प्रत्येकाने समोर बसून, नेहमी करतो तशीच सही करावी. घाईत फोनवर होकार घेऊन भलत्याने केलेली सही छाननीत उघडी पडते.

2022 चं वेळापत्रक असं होतं: अर्जासाठी 24 ते 30 सप्टेंबर, छाननी 1 ऑक्टोबरला, माघार 8 पर्यंत, मतदान 17 ला, मोजणी 19 ला. हे सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं.

प्रचार करायचा असेल तर आधी पद सोडा. सरचिटणीस, प्रभारी, प्रदेशाध्यक्ष, विधिमंडळ पक्षनेते, प्रवक्ते यांना पदावर राहून कुणाचा प्रचार करता येत नाही. खर्गे यांच्यासाठी उतरलेल्या तीन प्रवक्त्यांनी आधी राजीनामे दिले. मतदारांना गाड्या भरून आणायलाही बंदी होती.

मतदान आपापल्या प्रदेश मुख्यालयात होतं आणि त्यासाठी क्यूआर कोडचं ओळखपत्र दिलं होतं. मतदानाच्या दिवशी तुम्ही दुसरीकडे असणार असाल तर आधीच कळवा. भारत जोडो यात्रेतल्या प्रतिनिधींसाठी कर्नाटकात बल्लारीजवळ यात्रेच्या तळावरच केंद्र उभारलं होतं, राहुल गांधींनी तिथेच मत दिलं.

आता खूण. आधी सूचना होती की पसंतीच्या नावापुढे 1 लिहा. मतपत्रिकेवर खर्गे पहिले आणि थरूर दुसरे, त्यामुळे 1 या आकड्याने गोंधळ होईल अशी हरकत थरूर यांच्या बाजूने आली. मतदानाच्या आदल्या दिवशी नियम बदलला आणि बरोबरची खूण करायची ठरलं. देशभरच्या नऊ हजारांहून अधिक मतदारांपर्यंत एका दिवसात हे पोचवायचं होतं! इतक्या उशिरा नियम बदलणं मतदारावर अन्याय आहे. म्हणून घरून ऐकून आलेलं विसरा, केंद्रावर लावलेली सूचना वाचा आणि शंका असेल तर खूण करण्याआधी विचारा.

उमेदवार दोनपेक्षा जास्त असतील तर पक्षघटनेचा नियमच वेगळा आहे. मग 1, 2 असे आकडे घालून किमान दोन पसंती द्याव्या लागतात. फक्त आपल्या माणसापुढे 1 लिहून पत्रिका टाकलीत तर ती बाद. 1997 मध्ये सीताराम केसरी, शरद पवार आणि राजेश पायलट असे तिघं उभे होते. अशी तिरंगी लढत पुन्हा कधीही होऊ शकते.

आणि आपलं मत कुणाला कळेल या भीतीने गप्प बसू नका. पेट्या सीलबंद होऊन दिल्लीला जातात आणि मोजणीआधी सगळ्या राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळल्या जातात. कोणत्या राज्याने कुणाला किती मतं दिली, हेही त्यातून निघत नाही.