सायबर हल्ल्यांची पूर्वतयारी आणि मराठवाड्यातील लहान संस्था : पार्श्वभूमी

मराठवाड्यातील नागरी सहकारी बँका, पतसंस्था, डाळ मिल, जिनिंग कारखाने आणि वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींमधील लघुउद्योग यांच्यावर गेल्या काही वर्षांत सायबर सुरक्षेच्या जबाबदाऱ्या एकामागून एक येत गेल्या. परिपत्रके, निर्देश आणि कायदे यांचा हा ढीग तारखांच्या क्रमाने वाचला, तर बहुतेक नियमांच्या आधी कुठे ना कुठे मोठा फटका बसलेला दिसतो. नियमांची सुरुवात मोठ्या संस्थांपासून झाली आणि ते लहानांपर्यंत उतरायला वेळ लागला. हल्लेखोरांना मात्र तेवढा वेळ लागला नाही.

संघटित पूर्वतयारीची कल्पना १९८८ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी २ नोव्हेंबरला ‘मॉरिस वर्म’ हा स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम अमेरिकेतील नेटवर्कमध्ये शिरला आणि अशा प्रसंगी कोणी कोणाला कळवायचे हेच ठरलेले नसल्याचे उघड झाले. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले आपत्कालीन प्रतिसाद केंद्र उभे राहिले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला, तेव्हा त्याचा मुख्य रोख इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना आणि डिजिटल स्वाक्षरीला मान्यता देण्यावर होता. ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय प्रतिसाद संस्था जानेवारी २००४ मध्ये कामाला लागली. खरा बदल २००८ च्या दुरुस्तीने झाला. ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली आणि तिने संवेदनशील माहिती सांभाळताना हयगय करून कोणाचे नुकसान करणाऱ्या संस्थेवर भरपाईची जबाबदारी टाकली. या तरतुदीतील ‘संस्था’ची व्याख्या फक्त कंपन्यांपुरती नाही, भागीदारी पेढी आणि एकट्या मालकाचा व्यवसायही तिच्यात येतो. लातूरच्या भागीदारीतील डाळ मिललाही ही व्याख्या लागू आहे, हे आजही अनेक मिलमालकांच्या गावी नसते.

बँकांच्या बाबतीत चक्र फिरले ते फेब्रुवारी २०१६ पासून. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ८.१ कोटी डॉलर पळवले गेले, आणि त्याच वर्षी २ जून रोजी रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षा चौकट जाहीर करून गंभीर घटना दोन ते सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले. सहकारी बँका तेव्हा या चौकटीबाहेर होत्या. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. एटीएममधून पैसे मागणारी विनंती बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाण्याऐवजी हल्लेखोरांनी उभ्या केलेल्या बनावट स्विचकडे (व्यवहारांची देवाणघेवाण करणाऱ्या सर्व्हरकडे) वळत होती आणि तिथून तिला परस्पर होकार मिळत होता. शनिवार, ११ ऑगस्टला २८ देशांतील एटीएममधून रोकड काढली गेली, सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश व्यवस्थेमार्फत हाँगकाँगला रक्कम वळवली गेली आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. सर्व नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सुरक्षा चौकट आली ती त्यानंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी. पुढे ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तर पाडले. हा निर्णय शहाणपणाचा होता, कारण तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन शाखा चालवणाऱ्या बँकेकडून मुंबईच्या बँकेइतकी यंत्रणा मागण्यात अर्थ नव्हता.

मराठवाड्याला या विषयाची झळ थेट बसली जानेवारी २०२१ मध्ये. नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या, एका मोठ्या बँकेत असलेल्या खात्यातून चौदा कोटींहून अधिक रक्कम परस्पर दुसऱ्या खात्यांत वळती झाली. या घटनेने लहान बँकांच्या कारभारातला एक नाजूक सांधा दाखवून दिला. अनेक लहान बँका रिझर्व्ह बँकेच्या आरटीजीएस-एनईएफटी या बँकाबँकांत पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेच्या थेट सदस्य नसतात. त्या एखाद्या मोठ्या बँकेत खाते ठेवून तिच्यामार्फत ग्राहकांचे पैसे पाठवतात. व्यवहार एका अधिकाऱ्याने भरायचा आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा, ही मेकर-चेकरची शिस्त लहान बँकेच्या शाखेत पाळली जाते; पण दोन बँकांना जोडणाऱ्या वाटेवर कोणी पाळत ठेवायची, असाधारण रकमांचे व्यवहार रांगेने जाऊ लागल्यावर कोणी थांबवायचे आणि नुकसान कोणाच्या माथी, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर प्रसंग ओढवल्यावर वादाशिवाय काही हाती लागत नाही.

पतसंस्थांची गोष्ट आणखी निराळी आहे. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत असल्याने रिझर्व्ह बँकेची चौकट त्यांना लागूच होत नाही. (बुडालेल्या पतसंस्थांमुळे पोळलेल्या बीड-जालन्याच्या ठेवीदारांना हा फरक समजावून सांगणे कठीण आहे, आणि तो त्यांनी समजून घ्यावा अशी अपेक्षाही रास्त नाही.) त्यातच बहुतेक लहान संस्थांचे सॉफ्टवेअर, सर्व्हर आणि देखभाल बाहेरच्या पुरवठादाराकडे असते. जुलै २०२४ मध्ये लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज कंपनीपर्यंत रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला पोहोचला, तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने (एनपीसीआय) खबरदारी म्हणून तिला आपल्या जाळ्यापासून तोडले आणि देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय-एटीएम व्यवहार तात्पुरते ठप्प झाले.

सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश मात्र जवळपास सगळ्यांनाच लागू आहेत. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, प्रणालीच्या नोंदी म्हणजे लॉग १८० दिवस जपणे आणि सर्व यंत्रांची वेळ प्रमाण वेळेशी जुळवणे, ही त्यातली मुख्य बंधने. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत सवलत मिळाली. वेळ जुळवण्याची अट वरवर किरकोळ वाटते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की वीज जाऊन आल्यावर त्याची तारीख भलतीच दिसू लागते. मुनीम ती हाताने दुरुस्त करतो किंवा तशीच ठेवतो. पुढे चोरी झाल्यावर सर्व्हर, राउटर आणि त्या संगणकाच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत आणि कोण कधी आत शिरले याचा माग लागत नाही. त्याच टेबलावर हिशेबाच्या बॅकअपची हार्ड डिस्क दिवसरात्र संगणकाला जोडलेली असते आणि पुरवठादाराच्या सोयीसाठी एनीडेस्क हे दुरून संगणक हाताळू देणारे सॉफ्टवेअर कायम चालू असते. फायली कुलूपबंद करणारे रॅन्समवेअर अशा वाटेने आत आले तर जोडलेला बॅकअपही त्याच झटक्यात निकामी करते.

तपासाची यंत्रणाही टप्प्याटप्प्यानेच उभी राहिली. राज्यात ऑगस्ट २०१६ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर लॅब सुरू झाल्या, पुढे सायबर पोलीस ठाणी आली. पळवलेले पैसे वाटेतच गोठवण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे नांदेडच्या घटनेनंतर, सुरू झाली. तिचा आजचा क्रमांक १९३० आहे.

या मालिकेतील सर्वांत ताजा दुवा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती फुटल्यास बाधित व्यक्तींना विनाविलंब आणि या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशीलवार कळवणे, नोंदी किमान वर्षभर ठेवणे आणि सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड, असे त्याचे स्वरूप आहे. लहान संस्थांच्या दृष्टीने दंडाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची तरतूद वेगळीच आहे : माहिती हाताळण्याचे काम बाहेर दिले, तरी जबाबदारी संस्थेचीच राहते आणि सुरक्षेच्या अटी पुरवठादाराशी केलेल्या करारात असाव्या लागतात. संगणक बिघडल्यावर माणूस किती वेळात येईल एवढेच सांगणारे देखभाल करार त्यामुळे पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी नव्याने लिहावे लागतील, आणि लॉग कोणाकडे राहतील, दूरस्थ प्रवेश कोण उघडेल व बंद करेल, घटना घडल्याचे पुरवठादार संस्थेला किती तासांत सांगेल, हे त्यांत नमूद करावे लागेल.