व्यक्तिगत सुख आणि कौटुंबिक हिंसेविषयीचा दृष्टिकोन

घरातील मारहाण योग्य किंवा क्षम्य मानण्याची समाजाची प्रवृत्ती आणि त्या समाजातील व्यक्तींचे, विशेषतः विवाहित स्त्रियांचे, आयुष्याविषयीचे समाधान यांतील संबंध. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांपुढे सात प्रसंग ठेवतात: न सांगता बाहेर जाणे, घर वा मुलांची हेळसांड, वाद घालणे, शरीरसंबंधास नकार, स्वयंपाक नीट न करणे, चारित्र्याचा संशय व सासरच्यांचा अनादर. यांपैकी निदान एका प्रसंगी नवऱ्याने मारणे योग्य म्हणणाऱ्या स्त्रियांचे देशातील प्रमाण २००५-०६ मध्ये ५४ टक्के, २०१५-१६ मध्ये ५२ टक्के व २०१९-२१ मध्ये ४५ टक्के होते. पुरुषांचे अनुक्रमे ५१, ४२ व ४४ टक्के. पुरुषांतील घट टिकली नाही, ही बाब चिंतेची आहे. या पाहणीत सुखाविषयी प्रश्न नसतो. युनिसेफच्या बहुसूचक पाहणीत आणि जागतिक मूल्य पाहणीत मात्र दोन्ही बाबी विचारल्या जातात.

संबंधाच्या स्वरूपाविषयी मतभेद आहेत. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू क्लार्क यांनी २००३ मध्ये बेरोजगारीविषयी असे दाखवले, की ती आसपास सर्रास असेल तर बेरोजगाराच्या समाधानाला तिची झळ कमी लागते. हाच तर्क मारहाणीला लावला, तर जिथे ती रूढ आहे तिथे मार खाणारी स्त्री तुलनेने कमी दुःखी आढळावी. तत्त्वचिंतक यॉन एल्स्टर (१९८३) व अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्या विवेचनातून वेगळा अर्थ निघतो: वंचित माणूस मिळेल तेवढ्यातच इच्छा बसवतो, म्हणून त्याने सांगितलेले समाधान हे हानी नसल्याचा पुरावा ठरत नाही. एकाच वेळी केलेल्या पाहणीवरून दुःखामुळे मान्यता येते की मान्यतेमुळे दुःख बोलले जात नाही, हे ठरवता येत नाही. तरीही ‘दिल्या घरी सुखी राहा’ हा आशीर्वाद आणि ‘नवऱ्याने मारले, पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागायची’ ही म्हण ज्या मुलखात मुली लहानपणापासून ऐकतात, तिथे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दाद मागायला जागा नसेल, तर समाधानी असल्याचे उत्तर देणे हाही निभावाचाच मार्ग असतो.

अशी जागा निर्माण करण्याचे प्रयत्न या भागात झाले. ब्रिटिश सत्तेविरुद्ध १९४० च्या दशकात सातारा भागात उभारलेल्या समांतर सरकारच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या, लढ्यातील कार्यकर्त्या इंदुताई पाटणकर यांनी कासेगाव (ता. वाळवा) येथून स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीमार्फत परित्यक्तांचा, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांचा, प्रश्न हाती घेतला. (प्रतिसरकारच्या काळात सांगलीचा हा भाग सातारा जिल्ह्यातच होता.) अशा बाईला स्वतःच्या नावाची शिधापत्रिका मिळावी, ही महाराष्ट्रातील परित्यक्ता चळवळीची एक ठळक मागणी होती. म्हसवड (ता. माण) येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या माणदेशी महिला बँकेमुळे दुष्काळी पट्ट्यातील स्त्रियांना स्वतःच्या नावाचे खाते व कर्ज मिळू लागले. स्त्रीच्या हाती पैसा आल्यावर मारहाण कमी होतेच असे नाही. काही अभ्यासांत आरंभी ती वाढलेलीही आढळते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात (अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) शारीरिक छळाबरोबर भावनिक, लैंगिक व आर्थिक छळही येतो. पाहणीतील सातही प्रसंग मात्र केवळ मारण्याविषयी आहेत.