चकवा आणि चष्मा

माझ्या मावशीने नाशिकला काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत पन्नास वर्षं काढली आहेत. गेल्या श्रावणात ती रविवार कारंजावर चहापूड आणायला गेली. परतताना होळकर पूल ओलांडला, पण मालेगाव स्टँडपाशी घराकडे वळायचं सोडून ती तशीच पुढे चालत राहिली. दीड तासाने मावसभाऊ तिला दिंडोरी नाक्यावरून घेऊन आला. पिशवीत चहापूड होती, सुटे पैसे मोजून बरोबर होते. घर कुठल्या अंगाला आहे, तेवढंच हरवलं होतं.

शेजारच्या काकूंनी लगेच निदान केलं: चकवा लागला, अमावस्या तोंडावर होती ना! मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. त्याच आठवड्यात मावसभावाच्या व्हॉट्सअॅपवर दुसरं निदान आलं, उपायासकट. व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा चष्मा घाला, रोज वीस मिनिटं खेळा, नव्वद दिवसांत स्मरणशक्ती पूर्ववत.

मला दोन्हींत रस आहे, चकव्यात जरा जास्त. भूत खोटं असलं तरी चकवा खरा आहे. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सोडून ‘सरळ चालत राहा’ असं सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आलं, तसे जंगलातले लोक गोल फिरून आपल्याच वाटेवर परत येऊ लागले, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. डोळे बांधल्यावर तर काही जण २० मीटरपेक्षा लहान वर्तुळात फिरत राहिले. रानात रात्री वाट चुकलेला माणूस पहाटे पुन्हा त्याच वडाखाली सापडतो, त्यामागचं गणित हेच.

गणित म्हणतोय ते शब्दशः. वीज गेल्यावर अंधारात पलंगावरून उठून तुम्ही माठापर्यंत जाता, तेव्हा मेंदू मनातल्या मनात हिशेब ठेवत असतो: किती पावलं टाकली, किती वळलो. वळण्याची खबर आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका देतात. मान वळली की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि बारीक केसांच्या पेशी वाकतात. पावलांची खबर स्नायू आणि सांधे देतात. क्षणाक्षणाची ही नोंद बेरजेत धरत गेलं की आपण निघाल्या जागेपासून किती लांब आणि कुठल्या दिशेला आहोत ते निघतं. बारावीला संकलन शिकलेल्यांनी ओळखलं असेल, वेगावरून अंतर काढण्याचाच हा प्रकार. पण प्रत्येक बेरजेत बारीकशी चूक असते आणि चुकाही साठत जातात. म्हणून मधूनमधून खूण लागते. देवळाचा कळस, पुलाचा कठडा, मिसळीच्या तर्रीचा वास. खूण दिसली की हिशेब दुरुस्त होतो. ती दिसली नाही, किंवा दिसूनही ओळखली गेली नाही, की चकवा लागलाच.

ही वही मेंदूत कुठे असते? लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी आणि जागा सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात, अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की चेतवल्या जातात. त्याहून सुंदर शोध २००५ साली नॉर्वेत माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेत लागला. तिघांना मिळून २०१४ चं नोबेल मिळालं. हिप्पोकॅम्पसच्या दाराशी एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स नावाचा भाग आहे. तिथली एकेक पेशी एका जागी नाही, तर अनेक जागी चेतते, आणि त्या जागा कागदावर मांडल्या तर ठिपक्यांची रांगोळी उमटते. साधी चौकोनी नव्हे, तर एका ओळीचे ठिपके वरच्या ओळीच्या मधोमध येणारी, जिच्यात षटकोनी फूल काढता येतं तसली. जमिनीवर कोणी काढलेली नसताना मेंदू चालता चालता ही रांगोळी घालत जातो! मी हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

रांगोळी घालणाऱ्या या जाळीपेशींचे गट असतात आणि प्रत्येकाचं माप वेगळं. उंदरांत एका गटाच्या जाळीचं माप आधीच्या लहान जाळीच्या सुमारे १.४ पट भरतं. एकाच जाळीवरून ‘मी कुठल्या तरी ठिपक्यावर आहे’ एवढंच समजेल. मिनिटकाटा दहावर आहे म्हणून किती वाजले ते सांगता येत नाही, तासकाटाही पाहावा लागतो. तसंच चार-पाच जाळ्या एकत्र वाचल्या की नेमकी जागा ठरते. (हा परिच्छेद जड गेला असेल तर सोडून द्या, पुढे अडणार नाही.)

आता दुखणं. हाइको आणि एव्हा ब्राक या जर्मन दांपत्याने १९९१ साली दाखवून दिलं की अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाच्या गाठी मेंदूच्या सालीत सगळ्यात आधी याच एन्टोऱ्हायनल परिसरात दिसू लागतात. म्हणजे नातवंडांची नावं विसरायच्या आधीच रांगोळीचे ठिपके पुसट होत असतात. मावशीच्या कागदावर डॉक्टरांनी ‘एमसीआय’ लिहिलं आहे. वयाच्या मानाने विसर जास्त, पण रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः जमतात, अशी ही मधली अवस्था. ती पुढे डिमेन्शियाकडे, म्हणजे रोजचे व्यवहारही सुटतात अशा स्मृतिभ्रंशाकडे, जातेच असं नाही. काहींची तिथेच थांबते, काही सुधारतात. डिमेन्शियाचं म्हणाल, तर भारतात साठीपुढच्यांत त्याचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं.

व्हीआर इथे खरोखर कामाला येतं, पण आधी परीक्षेसाठी. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या एका गटाने एमसीआय असलेल्यांना चष्मा घालून मोकळ्या खोलीत चालायला लावलं. आभासी मैदानात एक शंकू दिसतो, तिथे जायचं. तो नाहीसा होतो, दुसरा दिसतो, मग तिसरा. तिसऱ्यापासून पहिल्याच्या जागी परत यायचं, खुणेशिवाय. ज्यांच्या पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात अल्झायमरच्या खुणा होत्या, ते इतरांपेक्षा जास्त चुकले, आणि कागद-पेन्सिलच्या नेहमीच्या चाचण्यांपेक्षा ही चाचणी दोन गट जास्त नीट वेगळे करू शकली. यातला ‘चालायला लावलं’ हा शब्द विसरू नका.

उपचारासाठी घेतलेल्या चाचण्यांत आभासी दुकानातून यादीप्रमाणे सामान आणणं, स्वयंपाक करणं, रस्ता शोधणं असे खेळ असतात. लक्ष देणं, बेत आखणं यांत एमसीआयवाल्यांना थोडाफार फायदा दिसतो. पण चाचण्या बहुतेक लहान, काही आठवड्यांच्या, आणि प्रत्येकाचा खेळ निराळा. मुख्य अडचण अशी की खेळात हुशार झालेला माणूस भाजीबाजारात हुशार होईलच असं नाही. मेंदूचे खेळ विकणाऱ्या एका कंपनीने असले दावे केले, तेव्हा अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ साली तिला २० लाख डॉलर भरायला लावले. आमच्या व्हॉट्सअॅपवर तसा आयोग नाही.

दुसरी अडचण खुर्चीची, म्हणजे बसल्या जागी खेळण्याची. मयंक मेहता यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत उंदरांना आभासी खोलीत फिरवलं, तेव्हा हिप्पोकॅम्पसमधल्या निम्म्याहून अधिक पेशी गप्प बसल्या. डोळ्यांना दिसत होतं, पण आतला कान म्हणत होता की आपण जागचे हललोच नाही. माणूस डोळ्यांवर जास्त विसंबतो हे खरं. अपस्माराचे रुग्ण संगणकावरच्या आभासी मैदानात फिरत असतानाही जाळीपेशींसारख्या पेशी टिपल्या गेल्या आहेत. तरी बर्लिनचा २०१२ चा प्रयोग पाहा. निरोगी तरुण आणि वृद्ध पुरुष चार महिने एक दिवसाआड ट्रेडमिलवर चालत आभासी प्राणिसंग्रहालयात वाटा शोधत होते. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचं आकारमान टिकलं. नुसतं ट्रेडमिलवर चालणाऱ्यांचं वयाप्रमाणे घटलं. चालणं आणि वाट शोधणं, दोन्ही एकत्र लागलं.

एवढं वाचूनही चष्मा पाहायची हौस होतीच. ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने तिच्याकडचा आणला. मावशीच्या अंबाड्यावर पट्टा बसेना, आधी अंबाडा सोडावा लागला. मग भिंगाच्या चष्म्यावर तो चष्मा. आत कुठल्या तरी परदेशी गावातला रस्ता होता. “माणूसकाणूस कुणी नाही गं इथे,” ती म्हणाली. हातातल्या बटणाने पुढे सरकत गेली. पुढे दगडी पायऱ्या आल्या, तशी खुर्चीत बसल्या बसल्या तिने साडी किंचित उचलली आणि उजवा पाय वर घेतला. पाय पडला तो घरच्या फरशीवर. सात-आठ मिनिटांत गरगरायला लागलं. मान वळल्यापासून चित्र वळेपर्यंत २० मिलिसेकंदांच्या वर वेळ जाऊ नये असा या यंत्रांचा दंडक आहे, आणि तो या चष्म्याने पाळलाही असेल. पण बसलेल्या माणसाला चालल्याचा भास दिल्यावर कानाने तक्रार करायची नाही तर काय करायचं?

चष्मा परत गेला. सध्या मावसभाऊ रोज संध्याकाळी तिला रामकुंडाकडून घरी आणतो, म्हणजे ती त्याला आणते. तो चार पावलं मागे राहतो आणि गाडी-रिक्षा आली तरच बोलतो. वाट रोज थोडी बदलतो. परवा मीही होतो. दुतोंड्या मारुतीपाशी ती थांबली. पुलाकडे पाहिलं, नदीच्या पाण्याकडे पाहिलं. मला राहवेना, मी हात वर करून दाखवायला गेलो.

“घाई आहे का तुला?” ती म्हणाली. “थांब जरा, बघू दे मला.”