केमोनंतर तोंड का येतं?

केमोची सलाईन संपते त्या दिवशी तोंडात काहीच जाणवत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी गालाच्या आतून चरचरायला लागतं, आठवडा उलटेपर्यंत घोटभर पाणीही झोंबतं. बहुतेक औषध तोवर शरीरातून कधीच निघून गेलेलं असतं. मग त्रास इतका उशिरा का?

तोंडाचं आतलं अस्तर थराथरांचं असतं. तळाच्या थरात पेशी सतत विभागत राहतात, नव्या वर सरकतात, जुन्या झडून लाळेबरोबर पोटात जातात. साधारण 7 ते 14 दिवसांत सगळं अस्तर बदलतं. मेथोट्रेक्सेट, 5-फ्लुरोयुरॅसिल, मेल्फालान यांसारखी औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात, मग ती पेशी कर्करोगाच्या गाठीतली असो की गालातली. तळाची आवक थांबते, वरची जावक चालूच राहते. त्यात खालच्या ऊतींमध्ये दाह वाढवणारी रसायनं सुटतात आणि उरल्यासुरल्या पेशीही मरतात. जखम दिसायच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

टॉर्च घेऊन पाहिलं तर व्रण बहुधा मऊ जागीच सापडतात: गालाची आणि ओठांची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि खालचा भाग, मऊ टाळू. कडक टाळू आणि हिरड्यांवर केराटिन या टणक प्रथिनाचं चिलखत असतं, त्या सहसा वाचतात. तिथेही फोड दिसले तर नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूची शंका घ्यावी. दह्यासारखे पांढरे, खरवडल्यावर निघणारे डाग बुरशीचे असतात. दोन्हींवर वेगळी औषधं आहेत.

बर्फाचा उपाय मला सगळ्यात सुंदर वाटतो. 5-फ्लुरोयुरॅसिल एकदम शिरेत टोचतात तेव्हा रक्तातली त्याची पातळी 10-20 मिनिटांतच निम्मी होते. इंजेक्शनच्या 5 मिनिटं आधीपासून एकूण अर्धा तास बर्फाचे तुकडे तोंडात घोळवले, की रक्तवाहिन्या आकसतात आणि औषधाची लाट ओसरेपर्यंत अस्तराला कमी रक्त, म्हणजेच कमी औषध मिळतं. बर्फ एकाच गालात धरून ठेवला तर दुसरी बाजू उघडी पडते, तो सगळीकडे फिरवायला हवा. हेच औषध पंपाने दोन दिवस सावकाश जाणार असेल तर ही युक्ती लागू पडत नाही. सोबत ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर बर्फ टाळावा, कारण त्या औषधाने गारव्याला नसा झिणझिणतात, घसा आवळल्यासारखा होतो.

बाकी काळजी साधी आहे. 1 लिटर कोमट पाण्यात 1 छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ घालून दर 2-3 तासांनी चूळ भरावी. त्याने जखम भरून येत नाही, पण चिकट लाळ आणि अन्नकण निघून जातात. अल्कोहोल असलेले माउथवॉश आग करतात, ते नकोत. ब्रश अगदी मऊ हवा, कवळी शक्य तितकी काढून ठेवावी. वेदना सोसत बसू नये. मॉर्फिन द्यावं लागणं यात कमीपणा काही नाही.

खरा धोका वेगळाच असतो. व्रण उघडे असतात नेमक्या त्याच दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या सगळ्यात कमी झालेली असते आणि तोंडातले जंतू थेट रक्तात शिरू शकतात. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. पांढऱ्या पेशी वाढू लागल्या की दोन-तीन आठवड्यांत अस्तर बहुधा वण न राहता भरून येतं.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. 5-फ्लुरोयुरॅसिलच्या पहिल्याच डोसनंतर दोन-तीन दिवसांत तोंड सोलून निघालं आणि जुलाबही लागले, तर हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं विकर (एन्झाइम) शरीरात कमी असण्याची शक्यता असते. त्यावर युरिडीन ट्रायॲसिटेट हा उतारा आहे, पण डोस संपल्यापासून 96 तासांच्या आत तो सुरू करावा लागतो.