मोलेच्या जंगलात ‘टूकन’? अहो, तो धनेश!

गोव्याहून परतलेल्यांच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो: भलीमोठी पिवळी चोच, काळंपांढरं अंग आणि खाली लिहिलेलं ‘गोव्याचा टूकन’. वर्षानुवर्षं हे चाललंय. टूकन फक्त दक्षिण मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत राहतो आणि तो सुतारपक्ष्यांच्या गणगोतातला. गोव्यातल्या मोले, बोंडला, खोतीगावच्या जंगलांत उंच झाडांवर दिसतो तो आपला धनेश.

चोचीवरचं शिंग बघा. टूकनला ते नसतंच. शिंगावर मोठा काळा डाग आणि मान काळी असेल तर मलबारी कवड्या धनेश. शिंग पिवळंधमक, मान पिवळसर आणि पांढऱ्या शेपटीवर काळा पट्टा असेल तर महाधनेश. फोटो जवळचा असेल तर नर-मादीही कळतात: महाधनेशाच्या नराचा डोळा लाल, मादीचा पांढरट. (मोबाइलवर झूम करून पाहिलात तर बहुधा नुसते ठिपके दिसतील.)

‘विणीच्या वेळी नर मादीला ढोलीत कोंडतो’ हीसुद्धा थापच. ढोलीचं तोंड मुख्यतः मादीच आतून विष्ठेनं लिंपते. नर फटीतून फळं भरवतो.