विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या जुन्या पोथ्या डिजिटाइज करायच्यात? अर्ज, पात्रता, कागदपत्रं

आपल्या ग्रंथालयवाल्यांमध्ये या विषयावर बोलणं निघालं की पहिला प्रश्न असतो, स्कॅनर कुठला घ्यायचा. माझ्या मते हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. अनुदानाचा प्रस्ताव अडतो तो यादीपाशी. कपाटात नेमकं काय आहे, किती पानं आहेत, ते कोणाच्या मालकीचं आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे हे लिहून काढलेलं नसेल तर बजेटचा आकडा काढता येत नाही, आणि आकडाच नसेल तर वित्त विभागाच्या टेबलावरून फाइल पुढे जात नाही, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा.

आधी पात्रता बघू. केंद्राचं राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ साली सुरू झालं, त्याची हस्तलिखिताची व्याख्या अशी की मजकूर हाताने लिहिलेला हवा, किमान ७५ वर्षं जुना हवा, आणि त्याला शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा कलेच्या दृष्टीने काही महत्त्व हवं, मग तो कागदावर असो, ताडपत्रावर, भूर्जपत्रावर नाहीतर कापडावर. छापील पुस्तकं आणि शिळाप्रेसवर, म्हणजे दगडी छापावर, छापलेल्या पोथ्या यात बसत नाहीत. आपल्याकडे गोंधळ नेमका इथेच होतो, कारण एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर निघालेल्या पोथ्याही आडव्या, सुट्या पानांच्या आणि हस्ताक्षरासारख्या अक्षरातल्याच असतात, रुमाल सोडल्या सोडल्या फरक कळत नाही. पान खिडकीपाशी उजेडात धरून बघा. हाताने लिहिलेल्या पोथीत बोरू शाईत बुडवला की अक्षर गडद होतं, मग फिकं होत जातं आणि पुन्हा गडद होतं, चुकलेल्या जागी कधी पिवळा हरताळ लावलेला दिसतो. शिळाप्रेसच्या पानावर शाई बहुतेक एकसारखी असते आणि शेवटी किंवा मुखपृष्ठावर अनेकदा छापखान्याचं नाव सापडतं. वय ठरवायला शेवटची पुष्पिका, म्हणजे नक्कल करणाऱ्याने अखेरीस लिहिलेली नोंद, वाचा, शक दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १७२० असेल तर साधारण इ.स. १७९८. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवायचे.

आता अर्ज कुठे करायचा. हस्तलिखितं असतील तर ज्ञान भारतम् मिशन, म्हणजे वर सांगितलेल्या राष्ट्रीय मिशनचंच नवं रूप, ज्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंदणी आणि संवर्धन हे त्याचं उद्दिष्ट आहे. इथे संस्थेला मिशनबरोबर करार करावा लागतो, मोठा संग्रह आणि मनुष्यबळ असेल तर क्लस्टर सेंटर म्हणून, जे आजूबाजूच्या छोट्या संस्थांचंही काम करतं, नाहीतर फक्त स्वतःच्या संग्रहापुरतं इंडिपेंडंट सेंटर म्हणून. मला विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्या विद्यापीठाने इंडिपेंडंटच मागावं, दुसऱ्यांच्या पोथ्यांची जबाबदारी नंतर घेता येते.

संग्रहात मोडी कागद, जुनी वर्तमानपत्रं, फोटो असं मिश्र सामान असेल आणि ते खरंच नष्ट व्हायच्या मार्गावर असेल तर ब्रिटिश लायब्ररीचा एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम बघा. २००४ पासून चालू आहे, पैसा अर्केडिया या संस्थेचा. अर्ज दोन टप्प्यांत असतो, आधी प्राथमिक आणि तो पसंत पडला तर सविस्तर. अट महत्त्वाची आहे ती म्हणजे मूळ वस्तू देशाबाहेर जात नाही, डिजिटल प्रत तुमच्याकडे राहते आणि एक त्यांच्याकडे जाते, आणि ती लोकांना संशोधनासाठी मोफत बघायला मिळते. तसंही आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ७५ वर्षांपुढची महत्त्वाची हस्तलिखितं पुरावशेषात धरली जातात आणि खाजगीरीत्या ती बाहेर नेता येत नाहीत, हे कार्यकारिणीत कोणी शंका काढली तर सांगायला उपयोगी पडतं.

कागदपत्रांमध्ये सगळ्यात जास्त वेळ खातो तो मालकीचा पुरावा. दाखल नोंदवहीत नोंद असेल तर त्या पानाची साक्षांकित प्रत पुरते, पण अनेक संग्रह कोणा शास्त्रीबुवांच्या किंवा इनामदारांच्या घरून भेट म्हणून आलेले असतात आणि देणगीपत्र कुठेच सापडत नाही, अशा वेळी वारसांकडून ना-हरकत पत्र घ्या आणि त्यात डिजिटल प्रत ऑनलाइन ठेवायला हरकत नाही हे वाक्य स्पष्ट लिहून घ्या, नुसतं 'स्कॅन करायला हरकत नाही' लिहून घेतलं तर पुढे वेबसाइटवर टाकताना पुन्हा त्यांच्या दारात जावं लागतं. त्याशिवाय कुलसचिवांच्या सहीचं पत्र, ग्रंथालयाच्या समितीचा ठराव, करार असेल तर व्यवस्थापन परिषदेची मंजुरी, संग्रहाची यादी, अवस्थेचा अहवाल, बजेट आणि काम कोण करणार त्यांचे बायोडेटा. अवस्थेच्या अहवालात वाळवी, कसर, पाण्याचे डाग, शाईने खाल्लेला कागद, एकमेकांना चिकटलेली पानं हे पोथीगणिक लिहा आणि फोटो जोडा. पुण्याजवळ असाल तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात संवर्धनाचं काम चालतं, त्यांचा सल्ला घेता आला तर उत्तम.

यादीत निदान ग्रंथाचं नाव, कर्ता, लेखक म्हणजे नक्कल करणारा, भाषा, लिपी, पत्रसंख्या (पत्र म्हणजे दोन बाजूंचं एक सुटं पान), लांबी-रुंदी, शक आणि पूर्ण की अपूर्ण एवढं हवं. पत्रसंख्या मोजताना लक्षात ठेवा की देवनागरी पोथ्यांत पत्रांक बहुतेक वेळा मागच्या बाजूला समासात असतो, म्हणून १अ, १ब, २अ असं लिहित जा आणि फोटोच्या फाइलला नावही तेच द्या, पुढे हरवलेलं पान लगेच कळतं. मोडी असेल तर वाचणाऱ्याचं मानधन बजेटमध्ये धराच. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, तिथून शिकलेली मुलं मिळू शकतात.

बजेटचा हिशोब असा करा. १२ इंच बाय ६ इंचाचं पान ३०० पीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, २४ बिट रंगात, कॉम्प्रेस न केलेल्या टिफमध्ये घेतलं तर एका बाजूला साधारण १९ एमबी लागतात. शंभर पत्रांच्या पोथीच्या दोनशे बाजू म्हणजे जवळपास ४ जीबी, आणि प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावात, म्हणजे एका पोथीला १२ जीबी. वाचकांसाठीच्या हलक्या पीडीएफ वेगळ्या. कागद ओढून घेणारा फीडरचा स्कॅनर पोथीसाठी कधीच मागू नका, वरून फोटो घेणारा कॅमेरा स्टँड, थंड प्रकाशाचे एलईडी, रंगपट्टी आणि मोजपट्टी एवढं लिहा. खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून करायची असेल तर स्पेसिफिकेशन आधीच तपशीलवार लिहून ठेवा, नाहीतर सगळ्यात स्वस्त ऑफिस स्कॅनर पदरात पडतो.

छापील दुर्मिळ पुस्तकांसाठी कॉपीराइटचा रकाना भरावाच लागतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं झालं. हक्क चालू असलेल्या पुस्तकांबाबत कलम ५२(१)(एन) जपणुकीपुरती सूट देतं, सार्वजनिक आणि बिनव्यापारी ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर तिची डिजिटल प्रत ठेवता येते, पण ती सगळ्यांसाठी ऑनलाइन टाकायची मुभा त्यातून मिळत नाही. तुमचं ग्रंथालय या सवलतीत बसतं का ते विधी अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि प्रस्तावाला जोडा.

मंजुरी आली की अनुदानासाठी वेगळं बँक खाते किंवा निदान वेगळं लेखाशीर्ष पहिल्याच दिवशी मागून घ्या. केंद्राच्या पैशाचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-अ नमुन्यात द्यावं लागतं, आणि विद्यापीठाच्या सगळ्या खर्चात मिसळलेली बिलं वर्षअखेरीला वेगळी काढताना पुढचा हप्ता लटकतो. कॅमेरा, संगणक, हार्ड डिस्क आल्या दिवशीच डेड स्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवा, आणि पोथ्या कपाटातून बाहेर काढताना नि परत ठेवताना दोन सह्यांचं रजिस्टर ठेवा, एक ग्रंथालयाची आणि एक स्कॅनिंग करणाऱ्याची.