रक्तवैर आणि क्षमा (अल्बेनियन समाज)

उत्तर अल्बेनिया आणि कोसोवोच्या डोंगराळ भागात खुनाचा बदला खुनाने घेण्याची जुनी रूढी आहे. तिचे नियम ‘कानून’ या परंपरागत संहितेत सापडतात. संहितेला १५व्या शतकातील सरदार लेक दुकाजीनीचे नाव चिकटले असले, तरी ती तोंडीच चालत आली. श्त्येफेन ज्येचोव्ह या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने जमवलेला तिचा पाठ त्याच्या मृत्यूनंतर, १९३३ मध्ये छापला गेला.

या सुडात रागापेक्षा चार लोकांतल्या अब्रूचा भाग मोठा. आपल्या पाहुण्याचा कोणी केलेला अपमान गिळून बसलेल्या यजमानाला कॉफीचा कप गुडघ्याखालून द्यावा, असे कानून सांगतो. म्हणजे रोज, भर बैठकीत, सगळ्यांदेखत टोचणी. खुन्याच्या घरचे पुरुष स्वतःला घरात कोंडून घेतात, कारण उंबऱ्याच्या आत मारायला मनाई आहे. मारल्या गेलेल्याच्या घराने ‘बेसा’ म्हणजे शब्द दिला, तर ठरल्या मुदतीपुरते बाहेर फिरता येते.

सूड उगवल्यावर मन शांत होते, ही समजूत मात्र तपासून घ्यावी अशी. झुरिकमधील २००४ च्या प्रयोगात फसवणाऱ्याला शिक्षा करताना मेंदूतील सुखाशी निगडित भाग उद्दीपित झाला. पण २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ केव्हिन कार्लस्मिथ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शिक्षा करणारे नंतर अधिक खट्टू राहतात. ज्यांना तशी संधीच मिळत नाही, ते तो विषय लवकर सोडतात.

तरीही नुसता उपदेश करून रक्तवैर मिटत नाही. युगोस्लाव्हियातील कोसोवो प्रांताची स्वायत्तता सर्बियाने १९८९ मध्ये काढून घेतली. पुढच्याच वर्षी लोकसाहित्याचे अभ्यासक अंतोन चेता आणि त्यांच्यासोबत अनेक विद्यार्थी वैरे मिटवण्यासाठी घरोघरी फिरू लागले. आपसांत मारामारी परवडणारी नाही, हे लोकांनाही दिसत होते. क्षमा करणारा ‘जनता, तरुणाई आणि झेंडा’ यांच्या नावाने रक्त माफ करी, तेही जाहीरपणे. त्यामुळे बदला सोडूनही त्याची मान ताठ राहिली. चळवळीची खरी हुशारी इथेच होती. १ मे १९९० रोजी देचानजवळच्या मेळाव्याला लाखो लोक लोटले, आणि चळवळीत हजाराच्या आसपास वैरे मिटली.

अल्बेनियात साम्यवादी राजवटीने दडपलेली ही वैरे १९९१ नंतर उत्तरेत पुन्हा डोके वर काढू लागली. जीव वाचवण्यासाठी काही घरांतील मुलगेही शाळा सोडून घरात बसले.